शेवटच्या ओळीपासून वाचावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार टपाल कचेरीमागच्या गल्लीतले दुसरे घर, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे तर स्वखुशीने, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. तिसाच्या पुढे त्यांचेच चुकले, ते मी दुरुस्त केले. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात केले होते.

१. राहते घर, खाली वेगळ्या सांगितलेल्या वस्तू सोडून, आतल्या सामानासह माझ्या भाच्याला मिळावे. त्याने दोनदा छप्पर दुरुस्त करून दिले आणि "मावशी, घराचं काय ठरवलंस?" असे एकदाही विचारले नाही. त्याच्या जागी मी असते तर विचारले असते. मागच्या दाराची कडी आधी उचलून मग ओढावी लागते, हे त्याने बायकोलाही सांगावे.

२. माझ्या यजमानांचे मनगटी घड्याळ भाच्यानेच वापरावे. मी सहा आठवडे प्रशिक्षणाला गेले तेव्हा यजमानांना चहासुद्धा येत नव्हता. परतले तेव्हा चारीठाव स्वयंपाक येत होता, आणि मग तो कायमचा त्यांच्या गळ्यात पडला. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. त्यांचे उपकार कोणत्या कलमात बसवावेत ते मला कळत नाही.

३. बँकेतली सर्व ठेव आमच्या लोकनिधी मंडळाला द्यावी. इथल्या दुकानदारांनी आणि निवृत्तांनी वर्गणीतून हा निधी उभा केला, शिक्षकांना स्वतः शिकता यावे म्हणून. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी अर्ज केला. मुलाखतीत अध्यक्षबाईंनी एकच विचारले, "तुम्हाला काय येत नाही?" मी फणकाऱ्याने म्हणाले, "मला सगळं येतं." तरीही त्यांनी अनुदान दिले, वर माझ्या जागी बदली शिक्षिकेची सोय केली.

माझ्या वर्गाचे एका सुरातले वाचन रस्त्यापर्यंत ऐकू जाई, आणि मला त्याचा गर्व होता. प्रशिक्षणात सांगितले, मुलांना धडा शेवटच्या ओळीपासून वाचायला लावा. मला हसू आले. परतल्यावर चौथीतल्या, सगळ्यांत खणखणीत आवाजाच्या मुलीला उभे केले. पहिल्या ओळीपासून ती कुठे अडखळली नाही. शेवटच्या ओळीवर बोट ठेवले तर तिला एक अक्षर लागेना. एकतीस मुलांपैकी नऊ जणांना धडे नुसते ऐकून पाठ झाले होते. अशी किती मुले मी वीस-बावीस वर्षे पुढच्या वर्गात ढकलली असतील, याचा हिशेब मांडायला बसले.

मग जुने हजेरीपट काढून दर रविवारी घरोघर गेले. काहींनी तोंडावर दार लावले. त्यांचे काही चुकले नाही. शिवणकाम करणारी एक जुनी विद्यार्थिनी मात्र म्हणाली, "बाई, मला लिहिता येत नाही म्हणून मापं डोक्यात ठेवते. गिऱ्हाईकं मला हुशार समजतात." तिच्या दुकानात, कापडाच्या तुकड्यांत बसून, दोन वर्षे आम्ही दोघी शिकलो.

मंडळाला अट एकच. कोणत्याही शिक्षकाकडे निकालाची टक्केवारी मागू नये. अध्यक्षबाईंचाच प्रश्न विचारावा, आणि जो "सगळं येतं" म्हणेल त्याला अनुदान आधी द्यावे.

४. त्या वेळच्या मुख्याध्यापकांनी माझ्या अर्जावर शेरा मारला होता: "या वयात आवश्यकता वाटत नाही." तो अर्ज मी काचेत बसवून घेतला आहे. तो त्यांना पोचवावा. शहाऐंशीव्या वर्षी ते नातीकडून पोहायला शिकताहेत असे ऐकते. राग केव्हाच गेला, पण अर्ज पोचवावाच.

५. पुस्तकांचे कपाट त्या शिवणकाम करणारीला द्यायचे होते, आणि साक्षीदार म्हणूनही मला तीच हवी होती. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. मी तिला विचारले, "कपाट घेतेस की सही करतेस?" तिने कात्री खाली ठेवली. "कपाट कुणालाही द्या, बाई. सही मी करणार. पण वाचल्याशिवाय नाही." म्हणून कपाट, पुस्तकांसह, यंदा अनुदान मिळालेल्या शिक्षकाला द्यावे.

दुरुस्ती: वरील सर्व पाने दुसऱ्या साक्षीदाराने माझ्यासमोर, शेवटच्या ओळीपासून वर, बोट ठेवून वाचली. कलम तीनपाशी ती थांबली. म्हणाली, "बाई, दोन नाही, तीन वर्षं लागली मला." तिचे बरोबर आहे. तेथे 'तीन वर्षे' असे वाचावे. दुरुस्तीशेजारी आम्ही दोघींनी सही केली आहे.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर
दिनांक: शाळा उघडण्याआधीचा सोमवार, सकाळी

लिहून ठेवणार: निवृत्त शिक्षिका (सही)
साक्षीदार पहिले: डॉक्टर (सही, चष्मा विसरल्यामुळे न वाचता)
साक्षीदार दुसरी: शिवणकाम करणारी (सही, सर्व वाचून)