मागची सीट धाकट्याला

मी, खाली सही करणार, वयाने सत्तरी ओलांडलेला आणि लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यातून निवृत्त झालेला माणूस, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं नाहीत, पण मृत्युपत्राला ती लागत नाहीत असं वकिलांनी सांगितलं. डोक्याबद्दलचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की आमिष दाखवलेलं नाही. हल्ली तेवढ्यासाठीसुद्धा कोणी येत नाही. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र मी रागाच्या भरात केलं होतं. ते रद्द समजावं.

कलम १. राहतं घर, मागच्या अंगणासह, माझ्या मुलाला द्यावं. तो ते विकणार हे मला ठाऊक आहे. त्याने पायऱ्यांची मापं घेतली तेव्हा मी झोपलो नव्हतो, नुसते डोळे मिटले होते. विकायला माझी हरकत नाही. मात्र स्वयंपाकघराच्या दारामागे त्याच्या आईने मुलांच्या उंचीच्या रेघा मारल्या आहेत, ते दार त्याने काढून न्यावं. नव्या मालकाला दुसरं दार बसवून द्यावं.

कलम २. बँकेतली शिल्लक दोन्ही मुलांनी सारखी वाटून घ्यावी. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

कलम ३. विमानं उडवायच्या मैदानावरच्या पत्र्याच्या शेडमधली सगळी हत्यारं मुलीला द्यावीत. ती दातांची डॉक्टर आहे, बारीक हत्यारं कशी पुसून ठेवायची हे तिला सांगावं लागत नाही. यातला टॉर्क पाना, म्हणजे नट ठरलेल्या जोरानेच आवळला जावा म्हणून वापरतात तो, शेजारच्या शेडमधल्या कप्तानाकडे आहे. याने आयुष्यात कशाचंही कप्तानपद केलेलं नाही, टोपी तेवढी घालतो. पाना त्याने एका दुपारपुरता नेला, आणि ती दुपार अजून संपायची आहे. मुलीने तो मागून आणावा. दुसऱ्याच्या तोंडात बोटं घालायची सवय असलेल्या बाईला तो नाही म्हणणार नाही.

कलम ४. माझं विमान. वकिलांनी इथे ‘एक हलके क्रीडा विमान, दोन आसनी’ असं लिहायला सांगितलं. ते लिहिलं. आता खरं लिहितो.

ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्यावर ताणलेलं कापड, डोक्यावर पंख, एकामागे एक दोन सीटा आणि स्कूटरला थोरला भाऊ शोभेल असं इंजिन. हे विमान मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून घेतलं होतं. आम्ही दोघंही लिफ्टवाले. दिवसभर माणसांना अंधाऱ्या विहिरीतून वर-खाली नेणाऱ्या लिफ्टा दुरुस्त करायच्या, आणि रविवारी उजेडात स्वतः वर जायचं. नळ्या आणि कापड माझ्याकडे, इंजिन त्याच्याकडे. इंजिनाला त्याच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. हे वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली आहेत, तेव्हा खोडू नये.

आमच्या मैदानावर एक रिवाज होता. नियमाच्या पुस्तकात बरोबर उलट लिहिलं आहे: दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणाला चालवणाऱ्याने एकट्याने जावं. आम्ही म्हणायचो, ज्याने पाना धरला त्याने मागे बसावं. स्वतःचा जीव मागच्या सीटवर असला की माणूस नट दोनदा तपासतो. मागची सीट रिकामी ठेवून पहिलं उड्डाण कोणी केलं तर बाकीचे म्हणायचे, याचा आपल्या कामावर भरवसा नाही. या रिवाजाचा आम्हांला तोरा होता. आता त्या सगळ्यांची नुसती कीव येते.

त्या वर्षी धाकट्याने इंजिन पूर्ण खोलून पुन्हा बसवलं. मागची सीट त्याची. उड्डाणाच्या सकाळी तो अंगावर चादर घेऊन शेडच्या दारात बसला होता, तापाने डोळे लाल. मी म्हणालो, पुढच्या रविवारी जाऊ. माझी बायको डबा घेऊन आली होती. ती त्याला म्हणाली, “भावजी, तुम्ही पडून राहा. सीट रिकामी नको ना? मी बसते.” आणि त्याचं हेल्मेट तिने आपल्या डोक्यावर चढवलं. आम्ही तिघंही हसलो.

पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला हवा आत यायला एक भोक असतं. मातीचं घर करणारी कुंभारीण माशी तुम्ही खिडकीच्या चौकटीत पाहिली असेल. विमान दुरुस्तीसाठी उभं असताना तिने त्या भोकात घर केलं. हवा बंद झाली की पेट्रोल उतरत नाही. झाडांच्या शेंड्यांवर असताना इंजिन गप्प झालं. मी नांगरलेल्या शेतात उतरवलं, चाक चरात गेलं आणि आम्ही उलटलो. माझा पाय मोडला. तिला मी हाका मारत राहिलो. मागून काही आलं नाही.

चौकशीत कोणावरही ठपका आला नाही. माशीवरही नाही.

त्यानंतर धाकटा दवाखान्यात माझ्या खाटेजवळ आला. म्हणाला, “दादा, मी बसायला हवं होतं.”

मी म्हणालो, “हो.”

आमचं शेवटचं बोलणं ते. त्यानंतर त्याने इंजिनाला हात लावला नाही आणि मी त्याच्या घराची पायरी चढलो नाही. लोकांना वाटतं माझा राग त्या भोकावर आहे. तसं नाही. तो जिवंत आहे आणि ती नाही, एवढंच मला पचलं नाही. तो बसला असता तर तो गेला असता, आणि मग मी तिच्याशी कसा वागलो असतो, याचाही विचार मी केला आहे.

मुलाने तेव्हाच सांगितलं होतं, विमान मोडीत काढा. मी काढलं नाही. पाय बरा झाल्यावर मी एकट्याने ते विमान पुन्हा उभं केलं. नळ्या बदलल्या, कापड नवं घातलं, इंजिन पुस्तकं वाचून वाचून बसवलं. लोक विचारायचे, कशासाठी? मी म्हणायचो, हात रिकामे राहत नाहीत. मग कापड उन्हाने विरलं आणि अंगठ्याखाली कुरकुरायला लागलं, तेव्हा ते काढून पुन्हा नवं घातलं. विमान उडालं मात्र नाही. पाना मी धरला होता, म्हणजे मागची सीट माझी. आणि पुढे बसवावं असं माणूस मला उरलं नव्हतं.

आता ते माणूस आहे. माझी मुलगी दुसऱ्या मैदानावर चोरून उडवायला शिकली. गॉगलभोवतीचा चेहरा रापलेला घेऊन ती जेवायला यायची आणि मला सांगायची, बागकाम करते. तिच्या घरी कुंडीदेखील नाही. मी विचारल्यावर तिने मान्य केलं, आणि म्हणाली, “बाबा, मला दुसरं कुठलंच नको. आपलंच उडवायचंय.” मनाई केली तर मी मेल्यावर ती उडवणारच; ती आईवर गेली आहे. आणि मी तिच्यामागे बसू शकत नाही. डॉक्टरांनी मला जिनासुद्धा बंद केला आहे.

म्हणून विमान मुलीला देत आहे, पण पुढील अटीवर.

माझ्या हातच्या कामावर कोणीही विसंबू नये. नळ्यांचं मला येतं, इंजिनाचं मला येत नाही; बसवलं आहे, एवढंच. माझ्या धाकट्या भावाने ते विमान नटापासून नटापर्यंत सगळं खोलावं आणि पुन्हा जोडावं. इंजिन त्याने करावं, टाकीचं झाकण त्याने बघावं. म्हणजे काम त्याचं होईल. मग पहिल्या उड्डाणाला माझी मुलगी पुढे बसेल आणि तो मागे. तो रिवाज मूर्खपणाचा होता हे मी वर लिहिलंच आहे. तरी मला तो हवा आहे. तिच्यामागे तो बसला असेल तर त्याने एकही नट सैल ठेवलेला नसेल, आणि माझा जगात दुसऱ्या कोणावर असा भरवसा नाही.

त्याने नकार दिला तर मुलाने करवत आणावी, पंखांच्या नळ्या मधोमध कापाव्यात आणि विमान भंगारात द्यावं. मुलीने त्याला अडवू नये. एकटीने तर मुळीच उडवू नये.

कलम ५. शेडमध्ये खुंटीला एक हेल्मेट आहे. त्याला कोणी हात लावू नये. शेड पाडतील तेव्हा खुंटीसकट मातीत जाऊ द्यावं.

कलम ६. धाकट्याला मी काहीही देत नाही, एक पानाही नाही. हे रागाने नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असं वकील म्हणाले, आणि मला साक्षीदार तोच हवा आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते म्हणे. याने वाचावा. निरोप मुलगी घेऊन गेली आहे. तो येईल की नाही ते मला माहीत नाही. दारावरची बेल वाजली की मी खुर्चीतून उठतो, आणि दूधवाला निघतो.

वरील मजकूर मी वाचला. तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

ठिकाण: माझं घर, पुढची खोली.
तारीख: वकिलांनी पहिल्या पानावर टाकली आहे तीच.

सही करणार: लिफ्टवाला, दोघांत थोरला. (सही)

साक्षीदार पहिले: कुटुंबाचे डॉक्टर. सही माझ्यासमोर झाली. बोलण्यात दम लागतो, गोंधळ नाही. (सही)

साक्षीदार दुसरा: लिफ्टवाला, दोघांत धाकटा. सगळं वाचलं. मागची सीट माझी. पण दादा, खोलायचंच आहे तर तू असताना खोलू. तू खुर्चीत बस आणि चुका काढ. शेडची किल्ली दे. (सही)

सहीनंतर माझ्या हाताने घातलेली ओळ: किल्ली दिली. बाकी मृत्युपत्र कायम.