तळटीप सतरा

१० मार्च, सकाळी ८
आंतरराष्ट्रीय कायदा परिषद सुरू. वकील, प्राध्यापक मिळून चारशे डोकी. संकल्प: परिषदेचं अध्यक्षपद पदरात पाडून घ्यायचं. नावाचा बिल्ला जेवतानाही काढायचा नाही. बायको फोनवर म्हणाली, बीपीची गोळी घे. हिला माझ्या उंचीची कल्पनाच नाही.

दुपारी २
निवृत्त न्यायाधीशबाई आपण होऊन भेटल्या! माझ्या बारा वर्षांपूर्वीच्या लेखातली तळटीप सतरा त्यांना पाठ. लेखी पुरावा नसेल तर आश्रय मागणाऱ्याला परत पाठवता येतं, हा निकाल मुळातून वाचायला मिळेल का, म्हणाल्या. भारावलेल्या दिसल्या.
खरं तर तो निकाल मी आठवणीतून ठोकून दिला होता. नंतर तपासू म्हटलं होतं. राहून गेलं.

११ मार्च
लायब्ररी पालथी घातली. निकाल नाही. पण माझ्यानंतर अकरा जणांनी त्याचा हवाला दिलाय. अकरा विद्वान चुकतील कसे? बाईंना यादी दिली. त्या म्हणाल्या, हे अकराही जण तुमच्यापाशीच येऊन थांबतात. केवढी ही पावती!
जेवायला माझ्या टेबलावर कुणी बसलं नाही. दबकतात बिचारे.

१२ मार्च, सकाळी ९
बाईंनी बाजूला घेतलं. तळटीप सतरावर विसंबून इथल्या कोर्टाने एका खलाशाचा अर्ज फेटाळलाय. मायदेशी उतरला की त्याला मारतील. आज तीनचं विमान. त्याची बायको खाली रिसेप्शनपाशी बसून आहे. 'असा निकाल नाही' एवढ्या ओळीखाली मी एकच्या आत सही केली, तर त्याला पाठवण्याला स्थगिती मिळेल.
ताट अर्धवट टाकून खोलीवर आलो. नाश्त्याची अंडी बाधली असणार.

११.००
सही करणारच. तत्त्वाचा माणूस आहे मी. फक्त 'निकालाबाबत मतभेद संभवतात' असं हवं. मसुदा सुधारतोय.

१२.४०
चौथा मसुदा झकास! बाईंचे तीन फोन आले, घेतले नाहीत. तंद्री मोडते. आधी मतदान, मग सही.

दुपारी ३.३०
अध्यक्ष दुसराच झाला. मला एक मत, तेही माझंच.
सही करून खाली गेलो. बाईंनी कागद वाचला, घडी घालून परत दिला. विमान गेलं, म्हणाल्या. खलाशाच्या बायकोला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. तिने मलाच विचारलं, ते सही करणारे साहेब आले का हो?
बिल्ला काढून खिशात टाकला होता, बरं झालं. अजून नाही, म्हटलं.