चार बाटल्या आणि एक शाबूत नाक

३ फेब्रुवारी, सोमवार
लॉट ११८ परत आला. चार हजार वड्या. गिऱ्हाइकं म्हणतात, लव्हेंडरच्या साबणाला खवट वास येतो. हा लॉट वास घेऊन मीच पास केला होता. बावीस वर्षं साबण हुंगतोय. गिऱ्हाइकांनी किती वर्षं हुंगलाय?

लॅबमधल्या नव्या चष्मेवालीनं तेव्हा रजिस्टरमध्ये 'तेलाचा वास?' असं लिहिलं होतं. मी ते खोडलं होतं. आज तिनं ते पान साहेबांसमोर उघडून ठेवलं. तोंडातून एक शब्द नाही, नुसतं पान. अशी माणसं फार घातक.

साहेब म्हणाले, अठ्ठावीस तारखेला सगळ्यांची वासाची परीक्षा. मी विचारलं, माझीही? म्हणाले, मुख्यतः तुमचीच. नापास झालो तर पॅकिंग खात्यात. तिथे भिंतीकडे तोंड करून दिवसभर खोक्यांना टेप लावतात.

डिसेंबरातल्या तापापासून नाक जरा चोंदलंय, इतकंच. बायको म्हणते, चोंदलेलं नाही, गेलंय, डॉक्टरकडे चला. अठ्ठावीसनंतर बघू.

४ फेब्रुवारी, मंगळवार
साडूचा फोन. हा माणूस बाथरूमच्या टाइल्स विकतो आणि जगातल्या कुठल्याही विषयावर बोलतो. सध्या व्हिस्की. म्हणे एका ग्लासात चाळीस वास असतात, राव, फक्त नाक पाहिजे. 'फक्त नाक पाहिजे' हे मला मुद्दाम ऐकवलं. म्हणजे बायकोनं बहिणीला सांगितलंय.

टाइल्सवाल्याला चाळीस येत असतील तर मला ऐंशी यायला हवेत. नाकाला व्यायाम हवाय, साबणाचा कंटाळा आलाय त्याला.

संकल्प : चार प्रकारच्या व्हिस्क्या. रोज एक तास. वेगळ्या वहीत नोंदी. पिणं हा उद्देश नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार. रात्री ८
बाटल्या आणल्या. एक ब्लेंडेड, एक मक्याची, एक शेरी नावाच्या वाइनच्या पिंपात मुरवलेली, एक पीट म्हणजे दलदलीतली माती जाळून तिच्या धुरावर तयार केलेली. बुटांच्या कपाटात मागे ठेवल्या. दहा मिनिटांत बायकोनं विचारलं, बुटांत दारू का आहे? झाकणं सीलबंद. बहुधा पिशवी वाजली असेल.

ब्लेंडेडपासून सुरुवात. ग्लास तिरका, पाण्याचे चार थेंब, नाक आत. नोंद : 'अत्यंत संयत.' बायको पाठीमागून कपड्यांच्या घड्या घेऊन चालली होती. जाता जाता म्हणाली, पिकलेलं केळं आणि पेन्सिलीला टोक करताना पडतो तो भुसा. वहीत लिहिलं : केळं, पेन्सिलीचा भुसा. हे माझ्या मनात होतंच. तिनं ते आधी बोलून टाकलं एवढंच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
मक्याची. नोंद : कस्टर्ड पावडर, नुकती कापलेली फळी. (ही स्वयंपाकघरातून बोलली. मी दुजोरा दिला.)

मग ती आंघोळीला गेली. थोड्या वेळानं आतून ओरडली, दूध जळतंय! मी गॅसपासून दोन हातांवर बसलो होतो. खरंच जळलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाली, धूर तरी दिसायचा होता. मी म्हटलं, माझे डोळे मिटलेले होते, मी कामात होतो. मुरलेलं नाक नको ते वास बाजूला ठेवतं. ती म्हणाली, भांडं तुम्हीच घासा.

घासलं. परत आलेल्या लॉटमधल्या दहा वड्या मी घरी आणल्यात, त्याच साबणानं. मला तरी त्यात काही दोष दिसत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
शेरीच्या पिंपातली उघडायला आणि साडू दारात उभा राहायला एकच गाठ. बरोबर मेहुणी. न विचारता बर्फ मागितला. शेरीच्या पिंपात बर्फ! कुणी अत्तरात पाणी ओतावं तसं.

मी वहीतून वाचून दाखवायला लागलो. त्यानं मध्येच ग्लास बायकोपुढे धरला. म्हणाला, ताई, तुम्ही सांगा. ती म्हणाली, मनुका, बूटपॉलिश, आणि मागून जुन्या वहीचा पुठ्ठा. साडू ओरडला, पुठ्ठा! बरोब्बर पुठ्ठा! मग तिघंही एकाच ग्लासात आळीपाळीनं नाकं घालून पुठ्ठा पुठ्ठा करत बसली. मी यजमान. मला कुणी विचारलं नाही.

जाताना साडू म्हणाला, राव, नाक घरात आहे, फक्त तुमच्याकडे नाही. मेहुणी हसली. बायको हसली नाही, पण ओठ आवळून उभी होती. तेही मी लिहून ठेवतोय.

नोंद : मनुका, बूटपॉलिश, पुठ्ठा.

१६ फेब्रुवारी, रविवार
आठवडाभर सराव झाला नाही. कारण : डोकं दुखत होतं. सरावामुळेच.

आज धुरावरची. नोंद केली : 'सौम्य.' तेवढ्यात बायको आतल्या खोलीतून धावत आली. काय पेटलं? कुठली वायर जळली? तिनं सगळ्या खिडक्या उघडल्या. समोरच्या गॅलरीतल्या निवृत्त मास्तरांनीही विचारलं, काय हो, दवाखाना काढलात का घरात?

नोंद सुधारली : 'सौम्य, पण ठाम. जळकी वायर, बँडेज.'

बायको पुन्हा डॉक्टर म्हणाली. या वेळी हळू आवाजात, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून. मला ही पद्धत आवडत नाही. मी म्हटलं, स्वतःचं बघ. तिनं हात काढून घेतला.

२० फेब्रुवारी, गुरुवार
घरगुती परीक्षा. चार सारखे ग्लास, बुडाला कागदी नंबर. बायकोनं ओतले. मी डोळे मिटून ओळखले. चारही ओळखले, फक्त क्रम वेगळा आला. ती म्हणते, शून्य. क्रमाला इतकं महत्त्व देणारी माणसं आयुष्यात पुढे जात नाहीत.

मग मी ग्लास हलवले आणि तिला बसवलं. चारही बरोबर. एक सेकंद न थांबता. वर म्हणाली, दुसरा ग्लास तुमच्या त्या साबणानं धुतलाय, त्याला खवट शेंगदाणा तेलाचा वास येतोय.

मी विचारलं, चष्मेवाली तुला कुठे भेटली? तिनं विचारलं, कोण चष्मेवाली? चांगला अभिनय केला. मी म्हटलं, तुम्ही दोघींनी मिळून मला पॅकिंगला पाठवायचं ठरवलंय. ती ग्लास घासायला निघून गेली. दुसऱ्या साबणानं. घरातही शत्रू.

वहीत मात्र लिहिलं : 'ग्लास दोन : खवट शेंगदाणा तेल.' निरीक्षण निरीक्षण असतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
मास्टरस्ट्रोक. वही नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, परीक्षेची वाट कशाला बघता, माझं नाक वाचा. साहेबांनी उभ्याउभ्या चार पानं वाचली, मग बसून वाचली. म्हणाले, पुठ्ठा! दहा वर्षांत आपल्या लॅबमधून असा शब्द आलेला नाही. वही ठेवून घेतली. चष्मेवालीनंही वाचली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

साडूला फोन करून सांगितलं. त्यानं विचारलं, ताईंना सांगितलंत का? फोन ठेवून दिला.

२४ फेब्रुवारी, सोमवार
साहेबांनी बोलावलं. बाहेरच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट आलाय. लॉट ११८ साठी पुरवठादारानं दिलेलं तेल भेसळीचं होतं. शेंगदाण्याचं.

साहेबांनी वहीतलं वीस तारखेचं पान काढलं. म्हणाले, घरी ग्लास धुतला तर तुम्हाला हे कळलं. मग इथे चार हजार वड्या हुंगून कसं नाही कळलं?

मी म्हटलं, घरी शांतता असते.

साहेबांनी वही मिटली. म्हणाले, बरं, अठ्ठावीसला बघू.

घरी आल्यावर बायकोला स्पष्ट सांगितलं की तिच्या शेंगदाणा तेलानं मला अडचणीत आणलंय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
परीक्षा. वेगवेगळ्या वासांत बुडवलेल्या सहा कागदी पट्ट्या. पट्ट्या देणारी चष्मेवाली. मी तज्ज्ञांच्या पद्धतीनं प्रत्येक पट्टीनंतर स्वतःची बाही हुंगून नाकाला विसावा दिला. वही पाठ होती. ओळीनं लिहून टाकलं : केळं, कस्टर्ड, पुठ्ठा, जळकी वायर, मनुका, बूटपॉलिश.

शून्य.

चौथी पट्टी आपल्याच लव्हेंडरची होती. बावीस वर्षं मी पास करत आलो तो वास. त्याच्यापुढे माझ्या अक्षरात 'जळकी वायर'. चष्मेवालीनं कागद उलटा करून ठेवला, कुणाला दिसू नये म्हणून. तिची ही दया मी विसरणार नाही. सूड घ्यायचा म्हणून म्हणतोय.

साहेबांनी दार लावून विचारलं, वहीतलं नाक कुणाचं? मी म्हटलं, माझं. पुन्हा विचारलं. मी म्हटलं, बायको मदतीला असते. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, सोमवारपासून तुम्ही पॅकिंगला. आणि वहिनींना एकदा भेटायला पाठवा.

मी हे घरी सांगणार नव्हतो. साहेबांनी फोनच केला.

६ मार्च, गुरुवार
पॅकिंगमध्ये चौथा दिवस. टेप सरळ लागत नाही. टेपच्या क्वालिटीबद्दल तक्रार करणार आहे.

बायको लॅबमध्ये, तीन महिन्यांसाठी, ट्रायलवर. डबा चष्मेवालीबरोबर खाते. आज काचेतून दिसल्या दोघी, एका पट्टीवर वाकलेल्या. लॉट ११८ च्या जागी नवा लॉट तिनंच पास केला. रजिस्टरमध्ये तिची सही मी खोडलेल्या ओळीच्या तीन पानं पुढे.

चारही बाटल्या साडूला देऊन टाकल्या. त्यानं नको राव, नको राव म्हणत घेतल्या. पहिल्यांदाच काही ऐकवलं नाही. ते जास्त लागलं.

संध्याकाळी बायको घरी आली आणि चपला न काढता माझ्यापुढे हात धरला. म्हणाली, सांगा बघू, आज कशाचा वास?

मी मनगटाजवळ नाक नेलं. गार हात होता. थोडा वेळ घेतला. म्हटलं, लव्हेंडर.

ती म्हणाली, आज दिवसभर लिंबू होतं.

हात तिनं लगेच काढून घेतला नाही.

डॉक्टर : शनिवारी, सकाळी दहा. वेळ मीच घेतली. विचारलं तर सांगणार, बायकोसोबत सहज आलोय.