लाल झालरीची टूथपिक

३ मार्च
आजपासून मी कंपनीचा लेझर सुरक्षा अधिकारी. आमचा मालक व्हर्लिन याने जाहीर केलं, टाळी एकही नाही. जळतात. मिनेसोटात माणसांची मनंसुद्धा गोठलेली.

काम किरकोळ. ऑर्गन वाजवायला कोणी नसलेल्या चर्चसाठी आम्ही गाणी वाजवणारं यंत्र करतो. आत सीडी ड्राइव्ह, ड्राइव्हमध्ये लेझर. झाकण उघडलं की लेझर बंद पडला पाहिजे. माकडालाही कळेल.

९ मार्च
चर्चमध्ये कॉफीच्या वेळी जाहीर करून टाकलं, ईस्टरला पहिलं यंत्र आपल्याकडे वाजणार. बायकोने टेबलाखालून लाथ मारली. अभिमानाने असणार.

११ मार्च
नियमांचं पुस्तक उघडलं. झोप लागली. ड्राइव्हवाल्यांकडे प्रमाणपत्र आहेच, मग आमच्या खोक्याची वेगळी वरात कशाला? जुळणी विभागातली मार्लिस म्हणाली, की खोकं आपलं, झाकण आपलं, म्हणजे जबाबदारीही आपलीच. तिला म्हटलं, तू स्क्रू पिळ. ती म्हणाली, की माझे स्क्रू निदान जागेवर तरी राहतात. उद्धट बाई.

२४ मार्च
धोक्याचं पिवळं लेबल झाकणाच्या आत लावलं. रचना माझी. देखणं! पण झाकण उघडलं की यंत्र मुकं, आणि मेलेल्या यंत्रावर लेबल शोभत नाही. व्हर्लिनला दाखवण्यापुरती झाकणाच्या स्विचमध्ये टूथपिक खोचली. रविवारी चर्चच्या जेवणातल्या मीटबॉलमधली, लाल झालरवाली, खिशातच होती. यंत्र उघड्या झाकणाने गायला लागलं. व्हर्लिन लेबलावर खूश.

टूथपिक काढायची आहे. उद्या.

८ एप्रिल, सकाळ
आज सरकारी तपासणीस बाई येणार. मार्लिसने विचारलं, झाकणं तपासलीस का. मी विचारलं, अधिकारी कोण?

८ एप्रिल, दुपार
बाईंपुढे मुद्दाम लेबलवालंच यंत्र ठेवलं. गाणं सुरू झालं. बाईंनी झाकण उघडलं. गाणं चालूच. आम्ही सगळे दुसरं कडवं ऐकत उभे. मग बाईंनी पेनाच्या टोकाने स्विच उचकला आणि टूथपिक झालरीसकट त्यांच्या बुटावर पडली. मार्लिस म्हणाली, की लोवेल, दात कोरून झाले असतील तर उचल. व्हर्लिन नुसता ‘बरं’ म्हणाला. आमच्याकडे याहून वाईट शब्द नाही.

सगळा माल अडकला. ईस्टरनंतर फेरतपासणी. एका काडीसाठी! नियम करणाऱ्यांना कामधंदा नाही.

१४ एप्रिल
पद तूर्त मार्लिसकडे. मला विश्रांती हवीच होती. पाद्रींना यंत्राचं सांगायचं राहिलंय. उद्या सांगतो.

१९ एप्रिल
सांगितलं. पाद्री म्हणाले, की यंत्र येणार म्हणून ऑर्गनवाल्या बाईंना मीच फ्लोरिडाला लेकीकडे जा म्हटलं. बायको म्हणाली, आता तूच गा. अखेर कोणीतरी माझा गळा ओळखला.

२० एप्रिल, ईस्टर
गायलो. कोणी साथ दिली नाही. भारावले असतील. दुसऱ्या कडव्यानंतर पाद्रींनी हात वर केला आणि म्हणाले, की उरलेलं आपण मनातल्या मनात म्हणू या. आवाज त्याआधीच फुटला होता. लाज वाटली, लिहून टाकतो.

नंतर जेवण होतं. माझ्या टेबलावर बायको सोडून कोणी बसलं नाही. मीटबॉलना या वेळी टूथपिका नव्हत्या, काटे ठेवले होते.