श्रीवर्धनची जीभ, रियाधचं बीफ

१२ ऑक्टोबर १९९०, शुक्रवार. रियाध
मोठी बातमी! आमच्या सुपरमार्केट कंपनीला बीफ-टेस्टर हवाय. इथलं लोकल बीफ चांगलं की बाहेरून आलेलं, यावरून गिऱ्हाइकं काउंटरवर भांडतात. म्हणून चव ओळखणारा माणूस पाहिजे. पोस्टला फॅमिली व्हिसा. म्हणजे बायको हाजरा आणि लेक तस्नीम इथे, माझ्याजवळ! गोडाऊनमधून अर्ज करणारा मी पहिला. श्रीवर्धनात वाढलेली जीभ आहे, दर शुक्रवारी घरी बीफ. एका घासात जनावराचा देश सांगेन. हाजराला फोन करून सांगितलं, बॅग भरायला घे. तिने विचारलं, नोकरी मिळाली का? म्हटलं, मिळाल्यातच जमा.

१५ ऑक्टोबर
जिभेचं ट्रेनिंग सुरू. तंबाखू बंद, मिरची बंद, चहा बिनसाखरेचा.
संध्याकाळी: चहात साखर चालते. डोकं चालायला लागतेच.

१९ ऑक्टोबर
तंबाखू एकदम सोडू नये म्हणतात. कोण म्हणतं ते आठवत नाही.

९ नोव्हेंबर
प्रॅक्टिस. डोळे बांधून बसलो. रूममेट हुसेनमियाँने तीन तुकडे भरवले. मी ठणकावून सांगितलं: लोकल, ऑस्ट्रेलिया, ब्राझील. तो पोट धरधरून हसला. म्हणे, तिन्ही उंटाचे. हा सरळसरळ दगा आहे. उंट सिलॅबसमध्येच नाही.

१७ जानेवारी १९९१
युद्ध सुरू झालं. होणार नाही असं मी ऑगस्टपासून सांगत होतो. तसं माझं म्हणणं बरोबरच होतं, फक्त त्यांनी ऐकलं नाही.

२२ जानेवारी
सायरन झाला की गॅस मास्क चढवायचा. रबराचा वास नाकात असा बसलाय की भात आणि साबण एकच लागतात. माझ्या जिभेचं नुकसान कोण भरून देणार? सायरननंतर तंबाखूची चिमूट घेतो, औषध म्हणून.
हाजराला फोन लावला. रडत होती. म्हणाली, परत या, नोकरी गेली उडत. मी म्हटलं, मी कशाला, तूच येतेयस. मग तस्नीमकडे फोन दिला. तिने माझा आवाज ओळखला नाही. कोण बोलतंय म्हणून आईलाच विचारत होती. फार वाईट वाटलं. आता टेस्टर व्हायचंच.

६ फेब्रुवारी
आज टेस्ट झाली. चार्ज मार्केटिंगच्या राजाभाऊंकडे. नाशिकचे, पक्के शाकाहारी! नाकाला रुमाल लावून प्लेटी पुढे सरकवत होते. ए, बी, सी. नुसतं मीठ घालून उकडलेलं. हे काय, आजाऱ्याचं जेवण? असल्या मांसातून कुणाला काय कळणार? हाजराने पाठवलेल्या मसाल्याची पुडी खिशात होतीच. राजाभाऊंची पाठ वळली तशी तिन्ही प्लेटींवर भुरभुरवली.
ए: नुसतं चामडं. ऑस्ट्रेलिया लिहिलं. बी: त्याहून वाईट. ब्राझील. सी तोंडात टाकलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. आमचं घर, शुक्रवारची दुपार, नमाजाहून आलेले अब्बा. तीच चव! इतकं चांगलं बीफ लोकलच असणार. लिहिलं: अस्सल लोकल, शंका नको.

८ फेब्रुवारी
हाजराला कळवलं, काम झालं. म्हणाली, बॅग केव्हाची भरलीय, तस्नीम तिच्यावर बसून राहते.

२८ फेब्रुवारी
युद्ध संपलं. निकालही लागला. म्हणे, तिन्ही उत्तरं चूक. ए इथलं लोकल, बी ऑस्ट्रेलियाचं. आणि सी? राजाभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, मुस्तफाभाई, ते इंडियाहून आलेलं फ्रोझन होतं. रेडा.
मी भडकलो. म्हटलं, शाकाहारी माणसा, तू मला शिकवतोस? जन्मभर बीफ खाल्लंय मी! तडक हाजराला फोन लावला. खाटकाची लेक आहे, तीच साक्ष देईल. सगळा अन्याय ऐकून ती खो खो हसायला लागली. म्हणाली, अहो, तुमच्या घरी दर शुक्रवारी आमच्याच दुकानातून जायचं. माझ्या अब्बांनी उभ्या जन्मात रेड्याशिवाय काही कापलं नाही.
म्हणजे बघा! सी प्लेट मी बरोबर ओळखली. फक्त नाव चुकलं.
तेही तिला सांगितलं. तिने हसू आवरलं. मग विचारलं, भरलेली बॅग रिकामी करू का?
लाइन खराब होती. नीट ऐकू आलं नाही.