चार साखळ्या, एक ड्रायव्हर

बुटीबोरी, रविवार

प्रिय मिनल,

अक्षर मुद्दाम मोठं काढतो आहे. तुझ्या उजव्या डोळ्याचं काम आता डाव्याला करावं लागतं, त्याला ताण नको. नंदनवन वस्तीत तुझ्या घरापर्यंत मी दोनदा आलो होतो. एकदा तुझ्या आई, पार्वतीबाई, गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. गाडी न थांबवता तसाच पुढे निघून गेलो. तीस वर्षं कारखान्यात लोकांवर आवाज चढवून कामं करून घेतली, आणि तुझ्या दाराची कडी वाजवायची हिंमत होत नाही. घरी बायको, इंदूबाई, रोज विचारते, तुम्ही जेवून काहून नाही राहिले? मी पित्त झालं म्हणून सांगतो. तिला यातलं काही माहीत नाही.

कारखान्याची बातमी सांगतो. रुळांचे फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यासाठीचा आपला लेझर दिवा आता नव्याने बनतो आहे. चार साखळ्या, प्रत्येकीत उजेड देणारे सहा डायोड, आणि प्रत्येक साखळीला करंट पुरवणारा स्वतःचा ड्रायव्हर. म्हणजे तू पहिल्याच दिवशी कागदावर काढलं होतंस अगदी तेच. मालकांनी, रोहितसाहेबांनी, बाहेरून सल्लागार आणला, त्याने हेच सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तुझं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही.

तू किती समजावलं होतंस मला. ड्रायव्हरचं काम एवढंच, ठरलेला करंट सोडायचा, कमी नाही, जास्त नाही. एकाच ड्रायव्हरवर चार साखळ्या टाकल्या तर तो आपले आठ अँपिअर सोडणार, पुढे वाटणी कशी होते त्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. जी साखळी गरम होईल ती जास्त ओढेल, आणि एखादी तुटली तर तिचा वाटा उरलेल्या तिघींच्या अंगावर. काका, ओलिताच्या चार सऱ्या समजा, म्हणालीस, एक बुजली म्हणून पाणी थांबत नाही, बाकीच्या फुटतात. आणि मी काय म्हटलं? मले नको शिकवू वं, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी सोल्डरिंग करून राहिलो. प्रत्येक साखळीत एकेक रेझिस्टर टाकला की भागतं, पेटीत चार ड्रायव्हर ठेवायला जागा तरी कुठं आहे? जागा होती, मिनल. चांगली बोटभर उरत होती. शिकलेल्या पोरीपुढे माघार घ्यायची नव्हती, दुसरं काही नाही. दिवा माझ्याच मताने, एका ड्रायव्हरवर बनला.

त्या मंगळवारी सकाळी चाचणीत एक साखळी तुटली. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपली जुनी रीत, मोबाइलचा कॅमेरा वर धरायचा, जांभळे ठिपके दिसले तर दिवा चालू. साहिलने, माझ्या मुलाने, त्याच आठवड्यात मला नवा फोन घेऊन दिला होता. मी मोठ्या ऐटीत तोच धरला. पडद्यावर अंधार. नव्या फोनचा कॅमेरा तो उजेड गाळून टाकतो, हे मला नंतर कळलं. तीन साखळ्या चौथीचाही वाटा घेऊन पेटलेल्या होत्या आणि तू सोल्डरिंगचा तुटलेला टाका शोधायला वाकलीस. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्यावर मधोमध भाजलं आहे, ते भरून येत नाही. पॅकिंगमधल्या पियुषला तू सांगितलंस म्हणे, की त्या डोळ्याने कडेचं सगळं दिसतं, समोरच्याचा चेहरा तेवढा दिसत नाही. ते ऐकून मी संडासात जाऊन रडलो. या वयात.

अपघाताच्या अहवालात एकच ओळ आहे, तपासणीच्या वेळी कर्मचाऱ्याने सुरक्षेचा चष्मा स्वतःहून काढला. तेवढ्यावर तुला घरी बसवलं. आता दुसरीकडे मुलाखतीला जातेस तर ती ओळ तुझ्याआधी पोचलेली असते. डोळा गेला तो गेलाच, हाताचं कामही गेलं. तुझ्यासारखा साफ टाका मी आयुष्यात कुणाचा पाहिला नाही, आणि तू घरात बसून राहिलीस. नवीन दिव्याची पेटी समोर आली की मी ती दुसऱ्याकडे सरकवतो. पोरं म्हणतात, काका थकले.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. ती ओळ मी लिहिली आहे. चष्मा तू स्वतःहून काढला नव्हतास. काका, पक्कं बंद आहे ना, असं तू विचारलं होतंस. मी म्हटलं, बंद आहे वं, काढ तो चष्मा, त्याच्यातून टाका काय दिसणार? मीटर तुझ्या पाठीमागे होता आणि माझ्या तोंडासमोर. त्यावर आठ अँपिअर दिसत होते. मी पाहिलंच नाही. दवाखान्यात साहेबांनी तुला विचारलं तेव्हा मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. माझ्या बाजूला तोंड करून तू म्हणालीस, मला काही आठवत नाही. तुला सगळं आठवत होतं. काल मी खरं काय ते लिहून, सही करून साहेबांच्या हातात दिलं. त्याची प्रत सोबत आहे, जिथे काम मागायला जाशील तिथे दाखव. मला माफ कर असं लिहिणार नाही, तेवढी माझी लायकी नाही. फक्त यापुढे कोणी विचारलं, तर आठवत नाही म्हणू नकोस.

तुझाच अपराधी,
चंद्रभानकाका