चार इंचांचा पलंग

१२ जानेवारी २०१०

पेणच्या वृद्धाश्रमासाठी आजवर या हातांनी केलेल्या वस्तू: कमोडच्या खुर्च्या चार. सलाईनचे स्टँड पाच (एक किंचित वाकडा — पाइपच तसा आला, चूक माझी नाही). पाठ टेकायच्या फळ्या सहा. पलंगांचे लोखंडी कठडे चौदा. गजांत बरोबर पाच-पाच इंच अंतर, माणूस पडणार नाही. कुणाकडे शिकलो नाही. पैसा घेतला नाही.

विमलबाईही माझ्यासारख्याच सेवेला येतात. पण त्यांची सेवा म्हणजे म्हाताऱ्यांजवळ नुसतं बसणं! आज म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही पण बसा की जरा. का माणसांचेही बोल्टच आवळायचेत?"

बसलो नाही. हातात काही नसलं की मला सुचत नाही.

१४ जानेवारी

आश्रमातल्या जनूला तिळगूळ गिळवेना. चमचाभर पाणीही तोंडाच्या कडेने ओघळलं. धरमतरच्या मिठागरात जन्म काढलेला माणूस, आता काटकी. डॉक्टर म्हणाले, तीन-चार दिवस.

कठड्यातून माझी बाही धरली. "मिस्त्री, मना खाली घे."

"गादी टोचते का? बदलू?"

"गादी नाय. भुई. बापूस भुईवर गेला, आईस भुईवर गेली. मी काय असा टांगून जाऊ?"

सिस्टर कृष्णाबाईंना विचारलं. "नाय हो. पेशंट पलंगावरच पायजे. तपासणीला कोणी आलं तर माझी नोकरी जाईल."

"पलंग किती उंच असावा, लिहिलंय कुठे?"

"ते नाय लिहिलं."

मग झालं! चार इंच उंचीचा करतो. सिस्टर हसल्या — "करा. पलंग म्हटला की झालं." जनूला म्हटलं, दोन दिवस थांब.

"व्हय. पन लवकर."

१५ जानेवारी

पहाटेपासून गडबच्या माझ्या शेडमध्ये. वेल्डिंग पूर्ण. सांधे घासून गुळगुळीत — बोट फिरवलं तर कळत नाही.

१६ जानेवारी

विमलबाईंचा फोन. "तसाच आणा हो. आजच."

उघड्या लोखंडावर माणूस ठेवायचा? रेडऑक्साइड झालं, वर रंगाचा एक हात झाला. दुसरा आज दिला. वाळायला रात्र जाणारच. अर्धवट काम मी आजवर कुणाला दिलेलं नाही.

१७ जानेवारी

पावणेआठला टेम्पोतून पलंग उतरवला. विमलबाई फाटकातच उभ्या.

"पाच वाजता गेला."

रात्रभर हात गजांतून खाली सोडून होता म्हणे. आत घेतला की परत बाहेर. "मग मीच फरशीवर बसले, त्याचा हात धरून."

त्याला नेल्यावर त्याच्या रिकाम्या उंच पलंगावर आडवा झालो. गजांतून हात घातला. विमलबाईंना पट्टी धरायला सांगितलं. बोटं फरशीपासून नऊ इंच वर राहतात. दोनदा मोजलं.

१८ जानेवारी

रंग छान वाळलाय.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला रोह्याचे हैबतराव आले होते. हॉस्पिटलच्या सामानाचे दुकानदार. कोपऱ्यातला बुटका पलंग वाकून पाहिला. "फिनिशिंग कंपनीच्या तोंडात मारेल असं! पाय तेवढे दोन फुटांचे करा. कठड्यांसकट वीस घेतो." नगाला साडेआठ हजार. एकूण एक लाख सत्तर हजार.

नाही म्हटलं.